पत्र्याची अब्रू

पत्रा या वस्तूला आपल्या समाजात अब्रू नाही. कौलांना आहे. कौलारू घर म्हटले की कवी हळवे होतात आणि शहरातली माणसे फोटो काढतात. पत्र्याचे घर म्हटले की मुलीचा बाप चहाचा कप खाली ठेवून ‘कळवतो’ म्हणतो. वास्तविक पत्र्याने आपले काय वाकडे केले आहे? धान्याची कोठी त्याची, शाळेचे छप्पर त्याचे, सासरी निघालेल्या पोरीची ट्रंक त्याची. पण एखाद्याच्या गाण्याला नावे ठेवायची झाली की आपण पत्रा वाजल्याचीच आठवण काढतो. पाऊस सुरू झाला की पत्र्याखाली बसलेल्या दोन माणसांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही, अशीही तक्रार असते. लग्नाला वीस वर्षे झालेल्या माणसाने ही गोष्ट तक्रारीत धरावी की सोयीत, हे ज्याचे त्याने ठरवावे.

साहेबाच्या देशात याच पत्र्याला बरे दिवस आले होते. लंडनच्या गोदीतल्या हेन्री पामर नावाच्या इंजिनिअरने १८२९ साली पन्हळी पत्र्याचे पेटंट घेतले. सपाट पत्रा वाकतो, पण त्याला चुण्या घातल्या की ताठ उभा राहतो, एवढीच त्यातली हुशारी. पुढे १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात व्हिक्टोरिया राणीचे यजमान अल्बर्ट यांनी पत्र्याच्या इमारती पाहिल्या आणि बाल्मोरलच्या वाड्यासाठी चक्क पत्र्याचे नाचघर मागवले. म्हणजे त्या काळातल्या सर्वांत बड्या घराण्याने आपल्या आवारात पत्र्याचे मंगल कार्यालय बांधले म्हणा ना! त्या नाचघरात पुढे सुतारकामाचा कारखाना झाला, हे मात्र मी मेव्हण्याला सांगितले नाही.

मेव्हण्याला यातले काही सांगायची वेळ आली, कारण तो पत्र्याचे मंगल कार्यालय बांधत होता. सातारा-पंढरपूर रस्त्यावर, दहिवडीच्या पुढे, त्याची दोन एकर जमीन रस्त्याला लागून आहे. तिच्यात बाजरीपेक्षा लग्ने बरी पिकतील, असे त्याच्या मनाने घेतले. आजकाल अशी इमारत वीट-वाळू-सिमेंटची करत नाहीत. कंपनीला मापे द्यायची, कंपनी लोखंडी सांगाडा कारखान्यात कापून, भोके पाडून, नंबर घालून ट्रकने पाठवते, आणि चार पोरे क्रेन आणि पाने घेऊन तो जोडतात. मध्ये एकही खांब नाही. शंभर फूट रुंदीत पंगत बसवा, नाहीतर वऱ्हाडाची क्रिकेट मॅच खेळवा.

बायकोचा भाऊ बांधकाम काढतो तेव्हा जावयाचे मत विचारायची पद्धत नाही. पण मी बँकेत आहे, तेव्हा मला पैशातले कळत असणार, असा सासुरवाडीचा समज आहे. मी पंचवीस वर्षे दुसऱ्यांचे पैसे मोजतो आहे, हा खुलासा त्यांना कधीच पटलेला नाही. ‘दाजी, तुम्ही बी.कॉम. हाय, तुम्हीच बघा,’ असे म्हणून मेव्हण्याने कंपनीचे बाड माझ्यासमोर टाकले.

एक गोष्ट माझ्या तेव्हाच ध्यानात आली. सांगाडा किती जाडीचा, पाया किती खोल, वारा किती धरला आहे, या गोष्टी कंपनीच्या इंजिनिअरने हिशेब करून ठरवल्या होत्या आणि ज्यांवर इमारत उभी राहायची त्या या गोष्टींवर आमच्या घरात एकही मतभेद झाला नाही. पत्र्याच्या मुलाम्यात पंचावन्न टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि बाकी बहुतेक जस्त असते, हे मी वाचून दाखवले तेव्हा सासूबाई जपमाळ ओढत होत्या आणि मेव्हणा जांभया देत होता. मग बाडाचे ते पान आले. ‘बाहेरील सजावटीचे पर्याय.’ सगळे सरसावून बसले.

पहिले भांडण रंगाचे. ज्यांना वाटत असेल की रंग ही आवडीनिवडीची बाब आहे, त्यांनी तालुक्याच्या ठिकाणी रस्त्याकडेला मोठी इमारत रंगवून पाहावी. भगवा घ्यावा तर एका पक्षाचे लोक लग्ने आणणार नाहीत. हिरवा घ्यावा तर दुसरे विचारणार, का बुवा? निळा, पिवळा, प्रत्येकाला कोणी ना कोणी मालक आहे. कोणाचाच नाही असा एकच रंग उरला, राखाडी, आणि तो लग्नकार्याला चालत नाही. मेव्हण्याला गडद मरून हवा होता. कंपनीचा मुलगा चांगला होता बिचारा. तो म्हणाला, गडद रंग ऊन पितो, फिका परत पाठवतो, निदान छपराला तरी पांढरट घ्या. छप्पर कोणाला दिसत नसल्यामुळे ही सूचना एकमताने मंजूर झाली.

यानंतर छपराचा उतार लपवणारा दर्शनी कठडा आला. म्हणजे इमारत मुळात दोन बाजूंना उतरती, पण समोरून बघणाऱ्याला सपाट गच्ची असल्याचा भास व्हावा. दारावर पुढे आलेले छत आले. खालचे चार फूट दगडाची कातळी लावायची, वर पत्रा, असा एक पर्याय होता. तो मला बरा वाटला, कारण पावसाचे शिंतोडे, गाडीचे बंपर आणि नवरदेवाच्या घोड्याच्या लाथा हे सगळे साधारण चार फुटांच्या आतच लागते. पण मेव्हण्याचे बोट शेवटच्या चित्रावर जाऊन थांबले होते. ‘हेरिटेज लूक.’ कमानी, कोरीव खांब, तीन घुमट, दोन बुरूज आणि दाराशी दोन हत्ती. सगळे फायबर, प्लास्टर आणि पातळ दगडाचे. मागून बघाल तर गोदाम, पुढून बघाल तर जयपूर.

या टप्प्यावर आमच्या कन्येने तोंड उघडले. ती पुण्यात आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे तिला सगळे कळते आणि अजून काही बांधलेले नाही. ती म्हणाली, ‘मामा, हा खोटेपणा आहे. पत्र्याने पत्राच दिसलं पाहिजे.’

मेव्हणा क्षणभर गप्प झाला. बाजरीच्या शेतात उभ्या राहणाऱ्या शेडला नीतिमत्ता असते, हे त्याला नवीन होते. मलाही होते. पण पुढे आठवडाभर बँकेत पासबुके छापताना तोच प्रश्न माझ्या डोक्यात घोळत राहिला. इमारत खोटे बोलू शकते का? आणि बोलत असेल, तर कोणाशी?

कन्येचा आधार होता जॉन रस्किन. आपल्याला रस्किन माहीत असतो तो गांधीजींमुळे. त्याचेच एक थोरले पुस्तक वास्तुकलेवर आहे, १८४९ सालचे, आणि त्यात त्याने सत्याचा दिवा लावून भल्याभल्या इमारतींची झडती घेतली आहे. लाकडाला रंग देऊन संगमरवर म्हणणे, साच्यातली नक्षी हाताची म्हणून खपवणे, ही त्याच्या मते सरळ लबाडी. पण त्याच रस्किनने मुलाम्याला एक पळवाट ठेवली आहे, ती मला फार आवडली. तो म्हणतो, इमारतीवरचा सोनेरी मुलामा ही फसवणूक नव्हे, कारण तो भरीव सोन्याचा आहे असे कोणी समजतच नाही. तोच मुलामा दागिन्यावर असेल तर फसवणूक, कारण तिथे बघणारा त्याला सोने समजतो.

आता हा माणूस आपल्याकडच्या लग्नाला आला असता तर त्याची केवढी पंचाईत झाली असती! हल्ली बोहल्यावर जे एक ग्रॅमचे दागिने झळकतात ते बघणारीला ठाऊक असतात, घालणारीला ठाऊक असतात, आणि बघणारीला ठाऊक आहेत हेही घालणारीला ठाऊक असते. तरी दोघी म्हणतात, ‘अगंबाई, काय सुरेख!’ आमच्याकडे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण टोमणा म्हणून चालते. पण मला त्या सोनुबाईची बाजू नेहमी खरी वाटते. तिचे नाव तिच्या आईने हौसेने ठेवले, आणि वाळा तिला परवडला तो घेतला. यात कोणाचे काय बुडाले?

कार्यालयाचेही तेच. घुमट बघून कोणाला वाटणार आहे की दहिवडीच्या पुढे एखादे संस्थान होते आणि त्याचा राजवाडा इतिहासाच्या पुस्तकातून राहून गेला? कन्येनेच नंतर नाखुशीने सांगितले की अमेरिकेत व्हेंचुरी, स्कॉट ब्राउन आणि आयझेनोर या तिघांनी १९७२ साली लास व्हेगासवर पुस्तक लिहून अशा बांधकामाला ‘सजवलेली शेड’ असे नावच देऊन टाकले. आत साधी पेटी, बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्याला कळेल अशी पाटी आणि नक्षी. आणि त्यांनी तिची चेष्टा केली नाही, बाजू घेतली.

लास व्हेगास तरी कशाला हवे? मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस घ्या. स्टीव्हन्स साहेबाने १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे खपून बांधलेली ती इमारत. घुमट, कमानी, दगडात कोरलेले मोर, माकडे, वर प्रगतीची देवी. आणि तिच्याआड गाड्या कुठे उभ्या राहतात? शेडमध्ये. जगातली सर्वांत देखणी सजवलेली शेड बोरीबंदरला आहे आणि २००४ पासून ती जागतिक वारशाच्या यादीतही आहे. खोपोली लोकल पकडायला धावणाऱ्या एकाही माणसाने आजवर ‘मला वाटलं हा राजवाडा आहे’ अशी तक्रार केलेली नाही.

उलट खरे बोलणाऱ्याचे काय झाले तेही तिथून पायी जाण्याच्या अंतरावर बघायला मिळते. काळ्या घोड्याजवळ वॉटसन हॉटेलची इमारत आहे. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून, जहाजाने आणून, १८६७ ते १८६९ मध्ये इथे जोडला. म्हणजे आमच्या मेव्हण्याच्याच पद्धतीने. लोखंड बाहेरून उघडे, खांब म्हणजे खांब, तुळई म्हणजे तुळई. १८९६ च्या ७ जुलैला ल्युमिएर बंधूंचा सिनेमा आपल्या देशात पहिल्यांदा दाखवला तो याच इमारतीत. एवढी प्रामाणिक इमारत, पण तिची पुढे इतकी आबाळ झाली की २००५ साली तिच्या सज्जाचा भाग खाली आला. रस्किनने यावर काय म्हटले असते कोण जाणे. माझे एक कारकुनी निरीक्षण आहे. बँकेतसुद्धा जो माणूस खरे तेच बोलतो त्याच्या टेबलावर पंखा नसतो.

एवढे मनात जमवून मी हत्ती-घुमटांच्या बाजूने मत द्यायला निघालो होतो. घराची कळा अंगण सांगते असे आपणच म्हणतो, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याच्या डोळ्यांचेही आपण काही देणे लागतो. रोज शाळेला त्या रस्त्याने जाणाऱ्या पोरांनी शंभर फूट राखाडी पत्रा का बघावा? हत्ती बघू देत की.

मत द्यायच्या आधी मी खर्चाचा तक्ता मागवला. वाणिज्य शाखेत आम्हाला विंडो ड्रेसिंग नावाचे एक पाप शिकवत असत. मार्चअखेर ताळेबंद गोंडस दिसावा म्हणून आकडे इकडचे तिकडे करणे. परीक्षेत त्यावर टीप विचारत, आणि नोकरीत कोणी त्याबद्दल काही विचारत नाही. त्या विषयाच्या आमच्या सरांनी एक युक्ती सांगितली होती: जिथे रक्कम वाढलेली दिसते तिथे बघू नका, जिथे कमी झालेली दिसते तिथे बघा. तक्त्यात ‘दर्शनी भाग, हेरिटेज’ या खात्यात साडेचार लाख वाढले होते. मी खाली खाली बोट नेले. ‘स्वयंपाकगृह छप्पर, काचलोकर व वायुवीजन’ या ओळीवर निळ्या पेनाने काट मारलेली होती.

‘ही कशाची काट?’

‘ते मागं हाय दाजी. तिकडं कोण बघतंय?’ मेव्हण्याने सांगितले. तो स्वभावाने वाईट नाही. घरी आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ देत नाही.

मुख्य दालनाच्या पत्र्याखाली उष्णता अडवणारा काचलोकरीचा थर होता. वऱ्हाड बसणार ना! स्वयंपाकघरावर उघडा पत्रा. आपल्याकडची लग्ने निम्मीअधिक एप्रिल-मेमध्ये. माणदेशात तेव्हा पारा चाळिशीला टेकतो, आणि पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. खाली आठ भट्ट्या. पहाटे चारपासून दुपारी तीनपर्यंत त्यांच्यापुढे पंधरा माणसे उभी. आम्ही बोलत होतो तेव्हा भट्ट्यांची जागा दाखवायला बोलावलेला आचारी तिथेच होता. त्याने एकदा वर बघितले, एकदा समोरच्या कमानीच्या चित्राकडे बघितले आणि मेव्हण्याला एवढेच विचारले, ‘मालक, ह्या इमारतीला पाठ हायच का?’

मला पुढे बोलता आले नाही. गंमत अशी की रस्किनचे दुसरे पुस्तक, जे गांधीजींनी १९०४ साली आफ्रिकेत आगगाडीत एका बैठकीत वाचले आणि ज्याचे त्यांनी पुढे ‘सर्वोदय’ केले, ते नेमके याच माणसाबद्दल आहे. रांगेत शेवटी उभा असलेल्याला काय द्यायचे, याबद्दल. पहिल्या पुस्तकातला रस्किन आमच्या घुमटांवर रागावला असता, आणि माझ्या मते विनाकारण. दुसऱ्या पुस्तकातला रस्किन त्या निळ्या काटेवर रागावला असता. घुमट खोटा आहे हे सगळ्यांना दिसते. काट कोणाला दिसत नाही, आणि घुमटाचे पैसे तिच्यातून आले आहेत.

हे मी एवढ्या नीट शब्दांत तिथे बोललो नाही. सासुरवाडीत कोण एवढे बोलू देतो? सासूबाई जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, ‘जावईबापू, चोखोबा भिंतीखाली गेले ते कुणाच्या वेशीचं काम करताना?’ वारकरी घरात हे कोणाला सांगावे लागत नाही. मंगळवेढ्याची वेस बांधताना ती कोसळली आणि त्याखाली ते गेले. मंगळवेढा तिथून पंढरपूरच्या पलीकडेच. मेव्हणा चपलेच्या टोकाने जमीन उकरत राहिला.

आणखी एका काटेवर त्याच बैठकीत पाणी फिरले. दर्शनी भागाला जे चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचे पातळ फळे लावतात त्यांत स्वस्त जातीच्या पोटात प्लास्टिक असते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी आग लागली ती अशाच आवरणावरून वर चढली आणि बहात्तर माणसे गेली. हे कन्येने सांगितले तेव्हा तिचा आवाज थोडा बदलला होता. मेव्हणा म्हणाला, ‘आपल्याकडं एकच मजला हाय.’ मग स्वतःच हजार माणसे, आठ भट्ट्या आणि सिलिंडर मोजून गप्प बसला. फळे रद्द झाले.

तोडगा निघाला तो असा. तीन घुमट, बुरूज आणि कोरीव खांब गेले. खाली चार फूट आपल्याकडचाच काळा दगड, पत्र्याला न चिकटवता वेगळ्या चौकटीवर. कारण शंभर फुटांचा पत्रा उन्हाने चाळीस अंश तापला तर जवळजवळ दीड सेंटिमीटर लांबतो, आणि दगड काही त्याच्याबरोबर लांबत नाही. वर फिका पत्रा, दारावर साधे छत. स्वयंपाकघरावर काचलोकर आणि गरगर फिरणारी सहा पंखेदार धुराडी आली. कन्या खूश होती, पण हत्तींवर मात्र मेव्हणा अडून बसला. म्हणाला, ‘दाजी, घुमट घ्या, बुरूज घ्या, हत्ती मागू नका.’ त्याच्या आवाजात असे काही होते की कन्येनेसुद्धा रस्किन मिटून ठेवला.

हत्ती आले. फायबरचे, पांढरे, पाठीवर झूल. बसवायच्या दिवशी लक्षात आले की चाकाच्या खुर्च्यांसाठी दाराशी जो उतार केला होता, त्याने डावीकडची जागा खाल्ली आहे. एकच हत्ती मावेना असे नाही, पण दुसरा मावेना. परत पाठवावा तर टेम्पोचे भाडे हत्तीच्या निम्मे. शेवटी तो मागे नेला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, मोरीच्या कडेला उभा केला. पहिल्या लग्नाच्या दुपारी मी मागे पाणी प्यायला गेलो, तर आचाऱ्याने त्याच्या सुळ्याला सदरा अडकवला होता आणि भांडी घासणाऱ्या बायका त्याच्या सावलीत बसून जेवत होत्या. त्यातली एक दुसरीला विचारत होती, ‘पुढं बी हायका गं असला?’